खोडदची रेडिओ दुर्बीण आणि भोवतालची शांतता

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावाहून पूर्वेकडे खोडदची वाट धरली म्हणजे टोमॅटोचे आणि द्राक्षांचे मळे लागतात, आणि त्या मळ्यांच्या वर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार थाळ्या दिसू लागतात. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा एकूण ३० थाळ्या जुन्नर तालुक्यात आणि लगतच्या भागात सुमारे २५ किलोमीटर विस्ताराच्या क्षेत्रात विखुरलेल्या आहेत. या सर्वांची मिळून एक दुर्बीण होते. महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण असे तिचे पूर्ण नाव असले तरी 'जीएमआरटी' या इंग्रजी आद्याक्षरांनीच ती जगभर ओळखली जाते.

या दुर्बिणीला डोळा लावून काही पाहता येत नाही. आकाशातून येणारे रेडिओ तरंग ती गोळा करते. हे तरंग दिवसा येतात, रात्री येतात, आषाढातल्या भरून आलेल्या आभाळातूनही येतात. त्यामुळे दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीप्रमाणे हिला निरभ्र रात्रीची वाट पाहावी लागत नाही. तिला वाट पाहावी लागते ती शांततेची. ही शांतता कानाला जाणवणारी नव्हे. मोबाईलचा मनोरा, विजेच्या तारेवरील ठिणगी, आगगाडीच्या वरच्या तारेवरील चमक यांतून जो रेडिओ गोंगाट निर्माण होतो, त्याचा अभाव म्हणजे ही शांतता होय. ती राखणे एकट्या शास्त्रज्ञांच्या हाती नाही. वीज मंडळाचा तारतंत्री, दूरसंचार कंपनी, रेल्वे, जिल्हा प्रशासन आणि परिसरातील ग्रामपंचायती या सर्वांचा तिच्याशी संबंध येतो. म्हणूनच या दुर्बिणीत काय चालते, हे प्रयोगशाळेबाहेरच्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

बिनतारी संदेशातून जन्मलेले शास्त्र

रेडिओ खगोलशास्त्राचा उगमच मुळी बिनतारी दळणवळणातील एका तक्रारीत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे एक काम सोपविण्यात आले होते. अटलांटिक महासागरापलीकडे होणाऱ्या रेडिओ-दूरध्वनी संभाषणात खरखर कोठून येते, याचा शोध त्याने घ्यायचा होता. जवळच्या आणि दूरच्या वादळांची खरखर त्याने ओळखली. मात्र तिसरी एक मंद खरखर उरली. ती दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येई. ताऱ्यांचा उदयही रोज तेवढाच लवकर होतो. यावरून ही खरखर पृथ्वीवरची नसून आपल्या आकाशगंगेतून येत असल्याचा निष्कर्ष त्याने १९३३ मध्ये जाहीर केला. एका शास्त्राला जो केवळ अडथळा वाटला, तोच दुसऱ्या शास्त्राचा विषय ठरला. आज खोडदला नेमके उलटे घडत आहे. एकाचे संभाषण ही दुसऱ्याची खरखर झाली आहे.

भारतात या शास्त्राची पायाभरणी प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी केली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान थाळ्या त्यांनी मुंबईजवळ कल्याण येथे उभारल्या आणि १९६५ मध्ये सूर्याचा वेध घेण्यास प्रारंभ केला. त्यानंतर १९७० मध्ये उटीजवळ डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या गटाने नंतर मीटरभर लांबीच्या तरंगांसाठी त्याहून मोठे साधन उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी खोडद निवडले. येथे त्या काळी रेडिओ गोंगाट कमी होता. पुण्यासारखे विद्याकेंद्र सुमारे ८० किलोमीटरवर होते. शिवाय या अक्षांशावरून दक्षिण आकाशाचा बराच भाग दिसतो आणि चुंबकीय विषुववृत्तापासूनचे अंतर पुरेसे असल्याने वरच्या वातावरणातील आयनांबराची चंचलता कमी जाणवते. पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालविते. २००२ पासून ती जगभरातील संशोधकांना खुली आहे.

जाळीची थाळी

पंचेचाळीस मीटर व्यासाची भरीव पत्र्याची थाळी उभी केली असती, तर वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी तिला अतिशय अवजड सांगाडा लागला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. यावर शोधलेला तोडगा साधा आणि चतुर आहे. रेडिओ तरंग परावर्तित होण्यासाठी पृष्ठभाग अखंड असावा लागत नाही. त्यातील छिद्रे तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ लहान असली म्हणजे पुरते. जीएमआरटी जे तरंग टिपते, त्यांतील सर्वांत आखूड तरंगांची लांबीही सुमारे वीस सेंटिमीटर आहे. तेव्हा एक-दोन सेंटिमीटरची छिद्रे त्या तरंगांना दिसतच नाहीत, असे म्हटले तरी चालेल. म्हणून थाळीचा पृष्ठभाग स्टेनलेस स्टीलच्या केवळ ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारांच्या जाळीचा केलेला आहे. मध्यभागी जाळीचे घर १० मिलिमीटरचे, मधल्या पट्ट्यात १५ मिलिमीटरचे आणि कडेला २० मिलिमीटरचे आहे. वाऱ्याला जाळीच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम सात टक्के भाग आडवा येतो, बाकीचा वारा आरपार निघून जातो.

ही जाळी दोरांच्या ताणलेल्या चौकटींना बांधून तिला अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा आकार देण्यात आला आहे. दोरही स्टेनलेस स्टीलचेच आहेत. उन्हापावसात न गंजणारी बारीक तार, योग्य ताण आणि अचूक भूमिती यांच्या मेळातून हे साध्य झाले. पदार्थविज्ञानाच्या प्रगतीविषयी बोलताना नव्या अद्भुत द्रव्यांचीच चर्चा फार होते. बाजारात मिळणारी वस्तू नेमकी कोठे आणि किती वापरावी, हे ठरविण्यातही विज्ञान असते, हे खोडदच्या थाळ्या पाहिल्यावर पटते.

तीसही थाळ्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते सुमारे बारा एकर भरते. त्यांपैकी १४ थाळ्या खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर दूरदूर उभ्या आहेत. प्रत्येक थाळीने टिपलेला संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती केंद्रात येतो आणि तेथे प्रत्येक दोन थाळ्यांच्या संकेतांची परस्परांशी तुलना होते. ३० थाळ्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. एकच तरंग दोन थाळ्यांवर किती कालांतराने पोहोचला, याच्या हिशेबातून आकाशाचे चित्र तयार होते. त्या चित्रात २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच थाळीतून दिसावा इतका बारकावा असतो. अलीकडे दुर्बिणीचे ग्राहक आणि संगणक पूर्णतः बदलण्यात आले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येत असे, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकता येतो.

या साधनाची दूरची हाक ऐकण्याची क्षमता एका प्रसंगाने चांगली दिसून आली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याच्या लहानशा प्रेषकाचा संकेत खोडदने थेट टिपला. तो प्रेषक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हता. तरीही त्याचा आवाज येथवर ऐकू आला. उतरण्याच्या नियोजित वेळेआधी काही क्षण तो थांबला. यान मंगळावर आदळले होते.

हायड्रोजनचा क्षीण स्वर

जीएमआरटीची आखणी करताना दोन उद्दिष्टे प्रामुख्याने समोर होती. अतिदूरच्या हायड्रोजनचा वेध घेणे हे पहिले, आणि वेगाने फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करणे हे दुसरे. अलीकडच्या काळातील तिची महत्त्वाची कामगिरी याच दोन वाटांवरची आहे.

हायड्रोजन हे विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य असून तारे त्यापासूनच घडतात. त्याचा थंड अणू अधूनमधून २१ सेंटिमीटर लांबीचा रेडिओ तरंग सोडतो. 'अधूनमधून' हा शब्द येथे जपून घ्यावा लागेल. एका अणूच्या वाट्याला हा प्रसंग सरासरी कोटीभर वर्षांत एकदा येतो. दीर्घिकेत अणूंची संख्याच अफाट असल्याने त्यांचा एकत्रित स्वर ऐकू येतो, एवढेच. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेकडून निघालेला हा तरंग येथे येईपर्यंत ताणला जातो. दीर्घिका जितकी दूर, तितका ताण अधिक.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि बंगळुरूची रमण संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७,६५३ दूरस्थ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. एकेका दीर्घिकेचा स्वर ऐकू येण्याजोगा नव्हताच. हजारोंचे स्वर एकमेकांवर ठेवल्यावर तो उमटला. त्यातून ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये वायूचा साठा किती होता, हे प्रथमच मोजता आले. तारे घडविण्याच्या त्यांच्या तेव्हाच्या वेगाने तो साठा अवघ्या १०० ते २०० कोटी वर्षांत संपला असता. विश्वात पुढे ताऱ्यांचा जन्मदर का घसरला, या जुन्या कोड्याचे उत्तर यामुळे हाती लागले. नवा वायू पुरेशा वेगाने आत येत नव्हता, म्हणजे इंधनच अपुरे पडले.

त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाच्या मॅक्गिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांनी ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला एकाच दीर्घिकेचा हायड्रोजन-संकेत जीएमआरटीच्या साहाय्याने टिपल्याचे जाहीर केले. मधल्या वाटेवर असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचे काम केले आणि हा संकेत सुमारे तीस पट तीव्र झाला. निघताना २१ सेंटिमीटर असलेला तरंग खोडदला पोहोचला तेव्हा ४८ सेंटिमीटरचा झाला होता.

आकाशातील घड्याळे

दुसरी वाट स्पंदकांची, म्हणजेच पल्सारांची. प्रचंड तारा स्फोट पावल्यानंतर कधी कधी त्याचा गाभा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबला जातो. वस्तुमान सूर्याहून अधिक आणि आकार एखाद्या शहराएवढा. तो स्वतःभोवती फिरत असताना त्याचा रेडिओ झोत दीपगृहाच्या झोताप्रमाणे पृथ्वीवरून फिरतो आणि ठरावीक कालांतराने ठोका ऐकू येतो. असा पहिला तारा जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज येथे आढळला. त्याचा ठोका १.३३७ सेकंदांचा होता. सेकंदात ६४२ वेळा फिरणारा पहिला अतिवेगवान स्पंदक १९८२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. त्यांना २०२४ मध्ये खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक मिळाले.

अशा वेगवान स्पंदकांचे ठोके इतके नियमित असतात की पृथ्वीवरील उत्तम आण्विक घड्याळांशी त्यांची तुलना होते. मग या घड्याळांचा उपयोग करून अवकाशाचीच मोजणी का करू नये? आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरू लागल्या की गुरुत्वीय तरंग उठतात आणि ते अवकाशाला किंचित ताणतात व आकसतात. या तरंगांची एकेक लाट कित्येक वर्षांची असते. त्यांच्यामुळे स्पंदकाचा ठोका सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका लवकर किंवा उशिरा पोहोचतो.

एवढी सूक्ष्म चूक कशामुळे झाली, हे कसे ओळखावे? येथे गणित मदतीस येते. समजा पृथ्वीवरील आपले घड्याळच चुकले, तर सर्व स्पंदक एकदम सारखेच पुढे किंवा मागे गेल्याचे दिसेल. पृथ्वीच्या स्थानाचा हिशेब चुकला, तर आकाशाच्या एका बाजूचे स्पंदक पुढे आणि विरुद्ध बाजूचे मागे पडतील. गुरुत्वीय तरंगांची खूण मात्र तिसरीच असते. आकाशात जवळजवळ असलेल्या दोन स्पंदकांच्या चुका जुळतात, सुमारे काटकोनात असलेल्यांच्या एकमेकींच्या उलट जातात आणि अगदी समोरासमोर असलेल्यांच्या पुन्हा काही अंशी जुळतात. हा वक्र रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये कागदावर मांडला. तो आकाशात शोधण्यास पुढची चाळीस वर्षे लागली.

यात खोडदचा वाटा विशेष आहे. ताऱ्यांमधील अवकाश अगदीच रिकामे नाही. तेथील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेचे तरंग अधिक रेंगाळतात. वारंवारिता निम्मी झाली की हा विलंब चौपट होतो. एखाद्या सर्वसाधारण स्पंदकाचा ठोका ४०० मेगाहर्ट्झवर १,४०० मेगाहर्ट्झपेक्षा पाव सेकंद उशिरा पोहोचू शकतो, आणि मधल्या द्रव्याच्या चंचलतेमुळे हा विलंबही बदलत राहतो. जेथे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा हिशेब करायचा, तेथे ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. हा विलंब कमी वारंवारितेवर सर्वांत चांगला मोजता येतो आणि जीएमआरटीचे बळ तेथेच आहे. देशातील अनेक संस्था आणि जपानचे कुमामोटो विद्यापीठ यांच्या संशोधकांचा गट यासाठी नियमित निरीक्षणे घेतो.

२९ जून २०२३ रोजी युरोपीय व भारतीय गटांनी २५ स्पंदकांच्या निरीक्षणांवरून, तसेच अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांनी आपापल्या नोंदींवरून, या मंद गुरुत्वीय तरंगांचा पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. 'पुरावा' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला. युरोपीय-भारतीय निरीक्षणांत दिसलेली खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता सुमारे हजारात एक होती. 'शोध' म्हणण्यासाठी ती सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी कमी असावी, असा भौतिकशास्त्राचा रिवाज आहे. हे अंतर कापण्यासाठी आणखी वर्षे आणि आणखी स्पंदक हवेत, आणि तितकीच वर्षे शांतताही टिकायला हवी.

गोंगाट कोठून येतो

आकाशातून येणारे हे संकेत किती क्षीण असतात, याची कल्पना एका हिशेबावरून येईल. साधारण एक वॅट शक्तीचा मोबाईल दूरध्वनी चंद्रावर ठेवून चालू केला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणींना तो त्याच्या वारंवारितेवर आकाशातील मोजक्या अतितेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक दूर आहे. खोडदच्या शिवारातील मोबाईल दूर नाही.

मोबाईलचा प्रश्न केवळ जवळिकीचा नाही. ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा ताणलेला संकेत सुमारे ७०० मेगाहर्ट्झवर येतो, आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावानंतर मोबाईल सेवेत आला आहे. विश्वाच्या इतिहासातील एक विशिष्ट कालखंड आणि आपली मोबाईल सेवा यांना एकच खिडकी वाट्याला आली आहे. मनोऱ्यांच्या जागा, दिशा आणि शक्ती ठरविताना दुर्बिणीच्या अभियंत्यांशी समन्वय राखावा लागतो, तो याच कारणासाठी.

कमी वारंवारितेवर मात्र मुख्य त्रास विजेच्या वाहिन्यांचा असतो. सैल झालेला सांधा, तडा गेलेला किंवा धुळीने माखलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, तारेला घासणारी फांदी यांमुळे ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी क्षणार्धाची असली तरी रेडिओ पट्ट्याच्या मोठ्या भागावर गोंगाट पसरविते. आपला वीजप्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्याने हे ठिणग्यांचे झुबके दर शंभराव्या भागाला पुन्हा येतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अशी ठिणगी दुर्बिणीला जितकी नकोशी, तितकीच शेतकऱ्यालाही नकोशी असावी. ती वीज वाया जाण्याची, तार तुटण्याची आणि उभ्या उसाला आग लागण्याची पूर्वसूचना असते. एखाद्या खांबावर तडतड ऐकू येत असल्याचे ग्रामपंचायतीने वीज कार्यालयास वेळीच कळविले, तर गावाचेही काम होते आणि दुर्बिणीचेही. येथे दोघांच्या हितांत विरोध नाही.

दुर्बिणीच्या संगणकातही ठिणग्या वगळण्याची सोय करण्यात आली आहे. तिच्यामागील तत्त्व शाळेतील सांख्यिकीचेच आहे. ४, ५, ५, ६ आणि ९०० या पाच संख्यांची सरासरी १८४ येते. एका ठिणगीने सारा हिशेब बिघडविला. याच संख्यांचा मध्यक मात्र ५ आहे, त्याच्यावर ९०० चा काहीच परिणाम नाही. संगणक मध्यकाच्या आधाराने नेहमीचा स्तर ठरवितो आणि त्यापासून फार दूर गेलेली नोंद क्षणात बाजूला काढतो. नववी-दहावीच्या वर्गात मध्यक कशासाठी शिकायचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. तथापि, बाजूला काढलेली नोंद परत मिळत नाही. ठिणग्या फार झाल्या तर गाळणीत काही उरतच नाही.

आता गोंगाट आकाशातूनही येऊ लागला आहे. नेदरलँड्समधील रेडिओ दुर्बिणीने स्टारलिंकच्या ६८ उपग्रहांचा वेध घेतला, तेव्हा त्यांपैकी ४७ उपग्रहांच्या विद्युत्-यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनाहूत तरंग निसटत असल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. जीएमआरटीचा सर्वांत खालचा पट्टा १२० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापुढे कोणत्याही तालुक्याचे किंवा राज्याचे नियम चालत नाहीत. तेथे आंतरराष्ट्रीय करारच हवेत.

परिसराने सोसलेली किंमत

अमेरिकेने १९५८ मध्ये व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागात सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे रेडिओ-शांत क्षेत्र घोषित केले. तेथील शांतता बऱ्याच अंशी निसर्गानेच दिलेली होती. खोडदचे तसे नाही. दुर्बिणीच्या थाळ्यांभोवती बागायती शेती, दाट वस्ती आणि वाढत्या बाजारपेठा आहेत. या भागाला रस्ते हवेत, उद्योग हवेत, रेल्वे हवी.

या ताणाचे स्पष्ट रूप पुणे-नाशिक निमद्रुतगती रेल्वेच्या निमित्ताने समोर आले. नियोजित मूळ मार्ग दुर्बिणीच्या क्षेत्रातून जात होता. विजेवर धावणाऱ्या गाडीचा वरच्या तारेशी असलेला संपर्क क्षणभर सुटला तरी ठिणगी पडते, आणि ती दुर्बिणीला बाधक ठरते. २०२४-२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने या कारणास्तव मूळ आखणी मान्य केली नाही आणि अन्य मार्गाचा विचार पुढे आला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतून मूळ मार्गाचा आग्रह धरण्यात आला. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहिलेल्या भागाला, ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या वायूसाठी थांबा, असे सांगणे सोपे नाही. मात्र एक गोष्ट तांत्रिकदृष्ट्या निर्विवाद आहे. रेल्वेमार्ग दुसरीकडून नेता येतो. २५ किलोमीटरवर पसरलेल्या तीस थाळ्या हलविता येत नाहीत. अशा वेळी या भागाच्या दळणवळणाची आणि रोजगाराची सोय अन्य मार्गाने करणे हा उपकार ठरू नये. देशाच्या कामासाठी या परिसराने जे सोसले, त्याची ती रास्त भरपाई होय.

असाच प्रश्न, निराळ्या स्वरूपात, मराठवाड्यात लवकरच उभा राहील. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. स्पंदकांच्या साहाय्याने वर्षावर्षाच्या लाटा ऐकल्या जातात, तर येथे सेकंदात शेकडो वेळा थरथरणाऱ्या लाटा ऐकल्या जाणार आहेत. अशी लाट अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपली गेली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांना ४० किलो वजनाचे शुद्ध काचेचे आरसे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच तंतूंनी टांगलेले असतात. त्यांची जी हालचाल मोजायची, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. आरशांवरील लेपातील अणूंची उष्णतेने होणारी थरथरसुद्धा या मापनात अडथळा आणते, आणि कमी थरथरणारा लेप शोधणे हे पदार्थविज्ञानातील आजचे एक महत्त्वाचे संशोधन आहे. औंढा नागनाथला रेडिओ शांततेपेक्षा जमिनीची शांतता महत्त्वाची ठरेल. खाणीतील सुरुंग, अवजड वाहने आणि आगगाड्या यांचे हादरे तेथे मोजणीत येतील. परिसरातील विकास आराखडे तयार होत असतानाच ही बाब विचारात घेतली गेली, तर खोडदला बऱ्याच उशिरा जी चर्चा झाली, ती हिंगोलीत वेळेवर होऊ शकेल.

खोडद येथे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दुर्बिणीचे आवार सर्वांसाठी खुले केले जाते आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे प्रयोग तेथे मांडले जातात. ज्या शाळांना सहभागी व्हायचे असेल, त्यांनी दुर्बीण केंद्राकडे काही आठवडे आधी चौकशी करणे सोयीचे ठरते.